निर्विष नमुना

जालन्याला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. तरी ते मला सांगायची ज्याला त्याला हौस. समुद्री खेकड्यांमधलं विष कसं ओळखायचं, हा विषय मी पीएच.डी.साठी घेतला, तेव्हा कॉलेजच्या कार्यालयातल्या बाबूपासून शहागडच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी मला भूगोल शिकवला. कुणी म्हणालं, मोसंबीवर करा. कुणी म्हणालं, बोंडअळीवर करा, आपल्याकडे अळ्यांना काय तोटा. मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, विषय माझा, डोकेदुखी माझी, तुमचं काय जातंय.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझी माय गोदावरीत खेकडे धरते आणि शहागडला पुलाजवळ, हायवेच्या कडेला बसून विकते. माझी वह्या-पुस्तकं, वसतिगृह, सगळं त्याच खेकड्यांवर झालं. शाळेत पोरी माझ्या दप्तराचा वास घेऊन बाक बदलायच्या. आम्ही बौद्ध, त्यात पुन्हा खेकडे धरणारे, म्हणजे नाक मुरडायला दोन-दोन कारणं. त्यातल्या कितीतरी जणींच्या घरी माझ्या मायकडूनच खेकडे जायचे, पण मागच्या दारानं, खोकल्यावरचं औषध म्हणून. पुढच्या दारानं मात्र आम्ही घाणेरडे. तेव्हाच मी ठरवलं होतं की शिकेन तर याच जनावरावर शिकेन, आणि असं शिकेन की कुणाला बाक बदलायला जागा उरणार नाही.

आता विषाचं सांगते. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला काही खेकडे सापडतात. दिसायला देखणे, पाठीवर नक्षी, नांग्यांची टोकं काळीभोर. त्यांतल्या काहींच्या मांसात असं विष असतं की आधी ओठांना मुंग्या येतात, जीभ बधिर होते, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास ओढायची ताकद उरत नाही. शिजवून ते जात नाही. कितीही उकळा, कितीही तिखट घाला, ते तसंच राहतं. रंगावरून कळत नाही, वासावरून कळत नाही. एकाच खडकावरचा एक खेकडा विषारी निघतो आणि शेजारचा साधा. बहुतेक अभ्यासक मानतात की खेकडा हे विष स्वतः बनवत नाही. तो जे खातो, ज्या पाण्यात राहतो, तिथून ते त्याच्या अंगात साठत जातं. जन्मानं कुणी विषारी नसतं, हे मला शास्त्रानं सांगायची गरज नव्हती, पण शास्त्रही तेच म्हणतंय हे वाचून फार बरं वाटलं होतं.

कोकणातले एक मच्छीमार मला थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून खेकडे पाठवायचे. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पेटी जालन्यात उतरायची. मग मांस काढायचं, वाटायचं, आम्ल घातलेल्या पाण्यात उकळायचं, गाळायचं आणि स्वच्छ अर्क बाजूला करायचा. नेमकं कोणतं विष किती आहे ते विद्यापीठातलं मशीन सांगायचं, पण तिथं नंबर लागेपर्यंत माणूस म्हातारा होईल. म्हणून पहिली परीक्षा आमच्याच प्रयोगशाळेत, उंदरावर. त्याची रीतसर परवानगी होती. अर्क टोचला आणि खेकडा विषारी असला, तर उंदीर ढिला पडायचा, मागचे पाय ओढत चालायचा, श्वास तुटायला लागायचा. मला ते बघवायचं नाही, पण बघत राहायचे, कारण लक्षणं टिपणं हेच तर काम होतं.

अशा परीक्षेला आणखी एक गोष्ट लागते. ज्यात विष नाही याची पक्की खात्री आहे, असा एक खेकडा. त्याचाही तसाच अर्क काढायचा, तसाच टोचायचा. त्या उंदराला काही झालं नाही, तर बाकीच्या निकालावर विश्वास ठेवायचा. त्यालाही काही झालं, तर दोष आपल्या सुरीत, भांड्यात, पाण्यात शोधायचा. याला आम्ही निर्विष नमुना म्हणायचो. तो कुठून आणायचा, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, आमच्या घरून. अशा रीतीनं माझ्या मायच्या हातचा खेकडा हे आमच्या प्रयोगशाळेचं माप झालं. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

माय पहिल्यांदा खेकडे घेऊन आली ती शहागडहून एसटीनं, मांडीवर बांबूची टोपली, वर ओलं गोणपाट. कंडक्टरनं विचारलं म्हणे, मावशी, यांचं अर्धं तिकीट फाडू का. ती म्हणाली, फाड की, मंग खिडकीची जागा बी दे त्येन्ला. हे तिनं मला कॉलेजच्या पायऱ्या चढता चढता हसत सांगितलं. टोपलीतून पाणी गळत होतं आणि तिच्यामागे फरशीवर ओली रेघ उमटत होती.

प्रयोगशाळेच्या दारात सर उभे होते. सर माणूस वाईट नव्हते. माझं पान अन् पान लाल शाईनं तपासायचे, सुट्टीच्या दिवशी येऊन अर्क काढायला शिकवायचे. पण स्वच्छतेचं भारी वेड, खिशात सदा इस्त्रीचा रुमाल. टोपली बघताच तो रुमाल नाकावर गेला. त्यांनी शिपायाला सांगून टोपली बाहेर व्हरांड्यात ठेवायला लावली. मग मायला म्हणाले, अगदी अहो-जाहो करून म्हणाले, की बाई, पुढच्या वेळी जरा स्वच्छ, झाकणाच्या डब्यात आणा, ही प्रयोगशाळा आहे. माय म्हणाली, बराबर हाय सर. मी मात्र आतून पेटले होते. सरांच्या टेबलावर कोकणची पेटी फुटून वास मारायची, तेव्हा रुमाल खिशातच असायचा. समुद्राचा वास तो अभ्यासाचा, आणि आमच्या नदीचा वास तो घाणीचा.

बसस्टँडपर्यंत माय एक शब्द बोलली नाही. एरवी ती रस्त्यावरच्या कुत्र्याशीसुद्धा बोलते.

पुढच्या खेपेला कपाशीवर फवारण्या चालू होत्या. त्या वेळी ती पांढराशुभ्र प्लॅस्टिकचा कॅन घेऊन आली. घट्ट झाकण, झाकणाला हवेसाठी भोकं पाडलेली, बाहेरून असा घासलेला की ऊन पडलं तर डोळे दिपावेत. ती थेट सरांसमोर गेली आणि कॅन उचलून दाखवला. सर म्हणाले, असं पाहिजे. मायच्या तोंडावर असा आनंद होता की मला हसू आलं. आतले खेकडे मलूल पडले होते. बंद डबा, एसटीतला उकाडा, कोंडले असतील, असं मला वाटलं. मी त्यांचा अर्क काढला.

तो टोचलेला उंदीर थरथरायला लागला. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंगाला झटके. थोड्या वेळानं तो मेला. मी दुसऱ्यावर करून बघितलं, तेच.

सर आनंदानं खुर्चीत बसेनात. गोदावरीतला खेकडा विषारी, हे आजवर कुणी लिहिलेलं नाही, म्हणाले. कॉलेजात चर्चासत्र तोंडावर आलं होतं, बाहेरगावचे पाहुणे येणार होते, पत्रकार येणार होते. तिथं जाहीर करू, तुझं नाव पुढे घालू, असं त्यांनी मला सांगितलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली ती नावामुळे नाही. हे एकदा पेपरात आलं की पुलाजवळची मायची जागा गेली. तिच्या शेजारी बसणाऱ्या आमच्या वस्तीतल्या बायांची गेली. आणि गावानं पिढ्यानपिढ्या आमच्याबद्दल जे म्हटलं, त्यावर शिक्का बसला असता, तोही माझ्या हातानं.

तरी खरं असेल तर आधी माणसं वाचवायला हवीत. मी मायला फोन करून सांगितलं की खेकडे विकू नकोस, खाऊ नकोस, विषारी निघालेत.

"कोन म्हनतं?" ती म्हणाली. "त्याच दिवशीचं, त्याच डोहातलं राह्यलेलं म्या रांधून खाल्लं. शेजारनीनं खाल्लं. गिऱ्हाईकानं नेलं. कोन मेलं ते सांग."

मी फोन ठेवला आणि डोकं चालायला लागलं. समुद्री खेकड्याच्या विषानं उंदीर ढिला पडतो. हा ताठला होता, झटके देत होता, लाळ गाळत होता. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, मग नवीनच विष असेल, आणखी चांगलं. मी म्हणाले, त्याच दिवशीचे खेकडे खाऊन माणसं धडधाकट आहेत. त्यावर सर म्हणाले, गावाकडच्या लोकांना सवय असते.

मी आयुष्यात खूप काही ऐकून घेतलंय, पण हे वाक्य माझ्या घशाखाली उतरलं नाही. आमची पोटं काय लोखंडाची असतात? तुम्हाला विष ते विष आणि आम्हाला सवय? हे मी तोंडानं बोलले नाही. मी फक्त म्हणाले की चर्चासत्राच्या आधी मला घरी जाऊन यायचंय. आणि अंबडमार्गे जाणारी एसटी धरली.

मला वाटलं होतं, फोननंतर माय घरी बसली असेल. पुलाजवळ उतरले तर बाई आपल्या जागेवर, समोर टोपली, ओलं गोणपाट, ट्रकवाल्याशी भावावरून हुज्जत चाललेली. मी म्हणाले, तुला विकू नको म्हटलं होतं ना. ती म्हणाली, म्या खाऊन बसून राह्यले हितं, ज्याला शंका हाय त्यानं माह्याकडं बघावं.

मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि एकेक विचारत गेले. डोह कोणता? नेहमीचाच. धरले कुणी? तिनंच. तिनं खाल्ले ते आणि मला आणले ते, वेगळे ठेवले होते का? घरचे टोपलीत राहिले, माझे कॅनमध्ये गेले. मग तो कॅन कुठला, असं मी विचारलं.

ती ज्यांच्या शेतात निंदायला जाते, त्या मालकिणीनं दिला होता. आपुलकीनं दिला होता. पोरगी कॉलेजात आहे, चांगल्या डब्यात ने, म्हणून बांधावर पडलेला स्वतः शोधून दिला. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन. आमच्या कपाशीच्या मुलखात हे कॅन कुणी फेकत नाही. कागद सोलतात, धुतात आणि वापरतात.

"म्या राखेनं घासला," माय म्हणाली. "मंग सोड्यानं घासला. वासाचा साबन बी लावला. उन्हात ठिवला. तुह्या सराला वास येतो म्हून."

माझा चेहरा बघूनच तिला कळलं. तिनं टोपलीवरचं गोणपाट उगाच सारखं केलं. कुणी काहीही म्हटलं तरी जे हात तिनं आयुष्यभर लपवले नव्हते, ते तिनं पदराखाली घेतले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तिच्यावर तर नाहीच, त्या मालकिणीवरही नाही. विष मायनं आणलं नव्हतं. स्वच्छ दिसायला सांगितलं होतं, म्हणून ते आलं होतं. मी तिला म्हणाले, ऊठ, घरी असेल तो कॅन बरोबर घे, आणि ताजे खेकडे टोपलीत भर, आपण जालन्याला जाऊ.

तिनं नदीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. टोपलीत का डब्यात, असं विचारलं. मी म्हणाले, टोपलीत.

कॉलेजच्या दारात शिपाई आडवा आला. बिचाऱ्याला आधीचा हुकूम आठवत होता. टोपली व्हरांड्यात ठेवा म्हणाला. मी काही म्हणायच्या आत माय बोलली.

"टोपली आत यील, न्हाई तर खेकडं बी येनार न्हाईत."

आवाज चढवला नव्हता, पण शिपाई बाजूला झाला. तिनं टोपली नेली आणि सरांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांशेजारी ठेवली. सर उठून उभे राहिले. रुमाल हातात होता, नाकापर्यंत गेला नाही. मी म्हणाले, सर, परीक्षा पुन्हा करायची आहे, तुमच्या डोळ्यांसमोर. एका बाजूला टोपलीतल्या खेकड्यांचा अर्क, दुसऱ्या बाजूला नुसता कॅन विसळलेलं पाणी, त्यात खेकडा नाही, काही नाही.

टोपलीच्या अर्काचा उंदीर थोडा वेळ दबकून बसला, मग मिशा साफ करू लागला आणि दाणे खायला गेला. कॅनच्या पाण्याचा उंदीर थरथरला, लाळ गाळू लागला, ताठला. सर अभ्यासू माणूस, समोर दिसलं ते त्यांनी नाकारलं नाही. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, आपला नमुना बिघडला होता, इतकंच, ते लिहू नकोस, चर्चासत्रात मी दुसरा विषय घेतो.

मी म्हणाले, मी सांगणार आहे.

सर म्हणाले, काय सांगणार, औषधाचा कॅन होता, चूक झाली, संपलं. मी म्हणाले, कॅन का आणावा लागला, तेही सांगणार. त्यांना ते कळलं. चेहरा लाल झाला. शास्त्रात टोपलीचा काय संबंध, म्हणाले. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलले.

"संबंध टोपलीचाच आहे, सर. ती बाहेर ठेवली नसती तर विष आत आलं नसतं."

त्या दिवशी मायनं मुक्काम केला नाही. कॅन मागून घेतला, गावी गेली आणि मालकिणीच्या दारात जाऊन विळ्यानं उभा चिरला. मालकीण आधी चिडली, मग ऐकून पांढरी पडली. तसल्याच दुसऱ्या कॅनमधून त्यांच्या शेतावर प्यायचं पाणी जायचं. तोही मायनंच चिरून दिला.

चर्चासत्रात मी बोलले. पहिल्या रांगेत सर होते, पाहुणे होते आणि त्याच रांगेत टोकाला माझी माय होती, मांडीवर टोपली घेऊन. कार्यकर्त्यांनी तिला मागे बसायला सुचवलं होतं. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. मी विषारी खेकड्यांचं सांगितलं, लक्षणं कशी वेगळी करायची ते सांगितलं, आमचा निर्विष नमुना कसा बिघडला ते सांगितलं. आणि मग सांगितलं की नदीत हात घालणाऱ्या एका बाईला आम्ही स्वच्छ होऊन या म्हटलं, ती स्वच्छ होऊन आली, आणि आमचे उंदीर मेले. कुणी म्हटलं ते सांगितलं नाही. सर मान खाली घालून बसले होते. टाळ्या पडल्या की नाही ते मला आठवत नाही. एका पाहुण्यांनी प्रश्न विचारला की निर्विष नमुन्याची खात्री तुम्ही आता कशावरून देता. मी मायकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हे खेकडे खाऊन मी मोठी झाले, आणि उद्या परीक्षेत ते नापास झाले तर तेही मीच इथं उभी राहून सांगेन.

सर पुढे निवृत्त झाले. त्याआधी माझा प्रबंध त्यांनी शेवटच्या पानापर्यंत तसाच लाल शाईनं तपासला. टोपलीबद्दलचा भाग आला तिथं त्यांनी एक खूण केली नाही, एक शब्द बदलला नाही. माफी त्यांनी मागितली नाही आणि मी मागायला लावली नाही.

आता त्या प्रयोगशाळेत मी शिकवते. जालन्याला समुद्र नाही, हे मला अजूनही लोक सांगतात. कोकणची पेटी अजूनही ट्रॅव्हल्सनं येते आणि निर्विष नमुना एसटीनं. दर वर्षी नवी मुलं येतात, टोपली बघून त्यांची नाकं वर जातात. मी रागावत नाही. नाक तुमचं आहे, हवं तेवढं मुरडा, असं सांगते, पण टोपली टेबलावरच राहील. विष नाही म्हणजे काय, हे या खोलीत आपण हिच्यावरूनच ठरवतो.

माय आता थकली आहे, तरी पायऱ्या चढून पुढच्याच दारानं येते. गोणपाट गळत असतं आणि दारापासून टेबलापर्यंत फरशीवर ओली रेघ उमटते. शिपाई फडकं घेऊन धावतो. मी त्याला थांबवते, आणि ती रेघ आपोआप वाळेपर्यंत कुणाला पुसू देत नाही.